पाय नसलेले बैल

आबा,

तुमच्यावर पुस्तक निघतंय. हसू नका. लहान मुलांचं पुस्तक आहे, बत्तीस पानांचं, पानभर चित्र आणि खाली दोन-तीन ओळी. पहिल्या पानावर तुम्ही आपल्या औंढ्याच्या वाटेनं डोक्यावर भिंत घेऊन चाललेले आहात आणि खाली लिहिलंय, ‘आबांना भिंती फार आवडायच्या. दुसऱ्यांच्या.’ मजकूर माझा, चित्रंही माझीच. पुण्याच्या एका प्रकाशनातली संपादक मुलगी मागच्या वर्षी दुसऱ्याच कामासाठी माझ्याकडे तळेगावला आली होती. पाणी पिता पिता तिचं लक्ष हॉलमध्ये गेलं. भिंतीवर भिंत टांगलेली तिनं कधी पाहिली नव्हती. “मॅडम, हे काय?” असं तिनं विचारलं आणि मी सांगायला बसले ते दोन तास सांगतच राहिले. जाताना चपला घालत ती म्हणाली, “याचं चित्रमय चरित्र होईल. एका विक्षिप्त कलासंग्राहकाचं.” तुम्हाला कुणी कलासंग्राहक म्हणेल असं मला जन्मात वाटलं नव्हतं. आई तुम्हाला काय काय म्हणायची ते मला पाठ आहे, पण त्यातलं एकही मुलांच्या पुस्तकात घालण्याजोगं नाही.

मोठ्यांना एका वाक्यात सांगून भागतं, मुलांना भागत नाही. मुलं विचारणार, भिंत घरी कशी आणतात? म्हणून दोन पानं मी नुसती त्यालाच दिली आहेत. आपल्याकडची जुनी घरं कुडाची. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधायच्या, दोन्ही अंगांनी शेणमातीचा लेप द्यायचा, की झाली भिंत. त्या भिंतीवर बायका लग्नात तांदळाच्या पिठानं चौक काढायच्या, पंचमीला नाग काढायच्या, आणि पोरं चुलीतल्या कोळशानं मनाला येईल ते काढायची. पुढच्या सारवणात सगळं पुसून जायचं आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. तुम्हाला वाटायचं. देहूरोडच्या लष्करी डेपोत तुम्ही सुतार. आठवडाभर लाकडी खोकी ठोकायचात, आणि रविवारी करवत, सुतळी आणि चार फळ्या घेऊन डोंगरातल्या वाड्यांवर निघायचात. एखादं चित्र मनात भरलं की घरच्या माणसाला म्हणायचात, “येवढा तुकडा मला द्या. बदल्यात नवा कूड घालून देतो.” पैसे कधी देऊ केले नाहीत. पैसे दिले की लोक मुद्दाम काढायला लागतील आणि मुद्दाम काढलेल्यात जीव नसतो, असं तुमचं ठाम मत. मग चित्राला दोन्ही बाजूंनी फळ्या लावायच्या, मध्ये जुन्या लुगड्याची घडी, आणि बारीक दातांच्या करवतीनं एकेक काठी कापत जायचं. त्या वेळी कुणी शिंकलं तरी तुम्ही डोळे वटारायचात.

खरी गंमत पुढे असायची. भगदाड पडलेल्या जागी तुम्ही नवी कारवी बांधायचात आणि धोतर खोचून शेण कालवायला बसायचात. सारवणं बायकांचं काम. डेपोतला नोकरदार माणूस मनगटापर्यंत शेणात बघून वाडीतल्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसायच्या. एकीनं तर तुमचा हातच धरला होता, “आबा, आसं न्हाई. पंजा उपडा धरा, आन् अंगाकडं वडा.” तुम्ही शहाण्या पोरासारखा पंजा उपडा धरलात. घरी आईचा पट्टा सुरू असायचा. “लोकांच्या घरांना भगदाडं पाडून आणता, आन् आपल्या घरात पाव्हण्याला टेकायला एक भिंत न्हाई!” ते मात्र खरं होतं. पडवीत, माजघरात, जिकडं पाठ टेकावी तिकडं कुणाचा तरी नाग नाहीतर कुणाची तरी कोंबडी. बैल विकल्यावर गोठाही तुम्ही भरून टाकलात. आपल्याकडच्या पावसात त्या तुकड्यांना बुरशी धरायची म्हणून आषाढ-श्रावणभर गोठ्यात तुसाची शेगडी धुमसत ठेवायचात. माणसांना सर्दी झाली तरी चालेल, भिंतींना होता कामा नये. आमच्या कपड्यांना दिवाळीपर्यंत त्या धुराचा वास यायचा. शाळेत माझ्या बाजूला बसायला कुणी तयार नसायचं.

हे सगळं पुस्तकात आहे आणि संपादक मुलीला फार आवडलंय. तुमचा एक नियम मात्र मी बरेच दिवस त्यात घातला नव्हता. घरातलं चित्र तुम्ही घ्यायचा नाहीत. मला तो दिवस भांड्यांच्या आवाजासकट आठवतो. मी तिसरीत आहे, शाळेत माझ्या मोराला पहिला नंबर मिळालाय. तुम्ही जेवायला बसलाय, आई भाकरी थापतेय. मी तुमच्या ताटाशेजारी कागद ठेवते. तुम्ही घास हातात धरून बघता, चांगलं निरखून बघता, आणि म्हणता, “ब्येस. मागं कोरं हाय, त्यावर गणितं कर.” मी विचारते, भिंतीवर लावाल का? तुम्ही मान हलवता. “घरच्या पोराचं चित्र डोळ्यांनी दिसत न्हाई बाळ, मायेनं दिसतं. ते लावायचं नसतं.” आई तव्यावरून वळून म्हणते, “लावा की एक. भिंत काय झिजंल?” तुम्ही ते लावलं नाहीत. तुम्ही मला कधी मारलं नाही, माझ्यासाठी जत्रेतून बांगड्या आणायचात, ताप आला तर उशाशी बसायचात. तरी त्या दिवसापासून मला तुमच्या त्या नागांचा आणि कोंबड्यांचा भयंकर राग यायला लागला. त्या कोंबड्या काढणारी पोरं तुमची कुणी लागत नव्हती, आणि त्यांच्यासाठी तुम्ही दहा मैल चालत होतात.

आता जे लिहितेय ते मी तुमच्या हयातीत सांगितलं नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वरच्या ठाकरवाडीतल्या एका कुटुंबानं खाली नवं घर बांधलं होतं आणि जुनं पाडायचं होतं. पुढच्या खोलीत लग्नाचा चौक होता, तो तुम्ही न्यावा म्हणून त्यांनी निरोप धाडला. मी हट्ट करून बरोबर आले. तुम्ही शेजारच्या ओट्यावर कोरा चहा प्यायला टेकलात, आणि शेजारच्यांशी कारवी यंदा कुठं चांगली आलीय यावर तुमचं सुरू झालं. ते लवकर संपणारं नव्हतं. मी रिकाम्या घरात शिरले. आतल्या खोलीत थंड चूल होती आणि चुलीत कोळसे. मी एक उचलला आणि मागच्या कुडावर आपले दोन बैल काढले. त्यांना मी रोज ओढ्यावर धुवायचे, त्यामुळे वशिंडापासून शेपटीपर्यंतची पाठ माझ्या तळहाताला ठाऊक होती. ती रेघ मी एका दमात ओढली. पाय काढायला गेले तर ते खाटेचे पाय दिसायला लागले. पुसले. पुसल्यावर खाली सगळं काळं फरकाटलं. पुन्हा काढले, पुन्हा पुसले, आणखी फरकाटलं. मागं औत धरलेला माणूस काढला, पण मला तोंड काढता येत नव्हतं, म्हणून त्याच्या डोक्यावर पावसातलं पानांचं इरलं दिलं, पार कमरेपर्यंत. तेवढ्यात तुमचा आवाज जवळ आला. मी हात फ्रॉकच्या आतल्या बाजूला पुसले आणि मागच्या दारानं बाहेर जाऊन चिंचेखाली उभी राहिले.

तुम्ही चौकाची मापं घेतलीत, मग कारवी मागं कुठवर गेलीय ते बघायला आत गेलात. बराच वेळ बाहेर आला नाहीत. मला वाटलं, झालं, आता कान उपटणार. मी दारातून डोकावले तर तुम्ही चुलीपुढं चक्क मांडी घालून बसला होता. मग उठून बाहेर आलात आणि सगळ्या वाडीला हाका मारल्यात. “कुनी काडलं हे? सांगा, कुनी काडलं?” बाया-बापे, पोरं, सगळी दाटीवाटीनं आत. तुम्ही बोट न टेकवता दाखवत होतात. “चिखलनी हाय ही. बैल गुडघाभर चिखलात, मग पाय दिसतील कसे? शाळंतलं पोर असतं तर चार पाय मोजून काडलं असतं. ह्यानं डोळ्यांनी बघितलंय! आन् ही पाठीची रेघ बघा. हात उचललेला न्हाई. आमच्या सात पिढ्यांत कुनी अशी रेघ मारली नसंल.” कुणीच पुढं आलं नाही. मग तुम्ही माझ्याकडं वळलात. “तू हितंच व्हतीस. कुनी पोर आत-भाईर करताना दिसलं का?” मी म्हणाले, “न्हाई.” आणि ते खरंही होतं.

चौक त्या दिवशी तिथंच राहिला. आपल्या बैलांना फळ्या बांधल्या गेल्या, चौघांनी ते खांद्यावरून डोंगराखाली आणले, आणि पडवीत बरोबर दारासमोर ते लागले. तिथं आधी असलेला नाग माजघरात गेला. त्यानंतर घरी जो येईल त्याला तुम्ही हात धरून तिथं न्यायचात. पाव्हणा असो, डेपोतला साहेब असो, दूधवाला असो. आधी विचारायचात, “बैलांना पाय का न्हाईत?” समोरचा गोंधळला की खूश होऊन सगळं सांगायचात. मी आतल्या दाराच्या चौकटीला टेकून ऐकायचे. आबा, मला पाय काढता येत नव्हते. एवढंच होतं ते. तुमच्या तोंडून चिखलाची गोष्ट इतक्या वेळा ऐकली की पुढं पुढं मलाच वाटायला लागलं, मी खरंच चिखल काढला असणार.

मग तुमचं शोधणं सुरू झालं. ते पोर सापडलंच पाहिजे. रविवारमागून रविवार तुम्ही त्या वाडीत आणि आसपासच्या वाड्यांत पोरांच्या हातात कोळसा देऊन बैल काढायला लावलेत. शेवटी त्याच वाडीतल्या, रिकाम्या घराच्या शेजारच्या एका मुलीपुढं उकिडवे बसून म्हणालात, “खरं सांग, तूच ना ती?” ती माझ्यापेक्षा वर्षानं मोठी. तिनं आधी तुमच्याकडं बघितलं, मग तिच्या आईकडं, आणि म्हणाली, “व्हय.” पुढच्या रविवारी तुम्ही लोणावळ्याच्या बाजारातून बारा खडूंची रंगपेटी आणलीत. वाटेत ती माझ्याच हातात दिली होतीत. मी ती पोटाशी धरून सगळा डोंगर चढले, आणि वर गेल्यावर तुम्ही म्हणालात, “दे तिला.” मी दिली. त्या क्षणाला मी तोंड उघडलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. मी उघडलं नाही. त्यानंतर वर्षानुवर्षं तुम्ही तिला कागद नेऊन देत होतात. तिची चित्रं बैलांच्या जवळपासही यायची नाहीत. घरी येऊन म्हणायचात, “हात मोठा झाला की रेघ बिघडती.” पण कागद नेणं सोडलं नाहीत.

मी चित्रकला शिकले, तळेगावच्या शाळेत तीस वर्षं ती शिकवली, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली. तुम्ही माझी पुस्तकं कपाटात नीट लावून ठेवायचात, आल्यागेल्याला दाखवायचात, पण पडवीत न्यायचात ते बैलांपुढं. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. शेगडी पेटवणारं कुणी उरलं नाही आणि दोन पावसाळ्यांत तुमचा निम्मा संग्रह माती होऊन खाली आला. नऊ तुकडे मी तळेगावला आणले. त्यांतले बैल सगळ्यांत धडधाकट आहेत, कारण कोळसा तसा चिवट असतो. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तेच हवेत, असा संपादक मुलीचा आग्रह. तिच्या मते गोष्ट तिथंच आहे: आबांना एका अनोळखी मुलाचं चित्र सापडतं, ते त्या मुलाला डोंगर डोंगर शोधतात, आणि शेवटच्या पानावर ती मुलगी सापडते. हातात रंगपेटी. संपलं.

मी तसंच लिहून दिलं होतं. चित्रंही रंगवून झाली होती. मग तिचा फोन आला, “मॅडम, मागच्या पानावर मूळ चित्र काढणाऱ्या बाईंचं नाव टाकू ना? त्या असतील तर त्यांची परवानगीही घेऊ या.” आणि माझी झोप उडाली. त्या रंगपेटीवाल्या मुलीचं नाव टाकलं तर खोटं छापलं जाईल, तेही मुलांसाठी, माझ्या हातानं. माझं टाकलं तर तिचं आयुष्यभराचं मी काढून घेणार. वाडीत आजही तिला ‘बैलंवाली’ म्हणतात, हे मला माहीत होतं. आणि तुमचं काय? अख्खं पुस्तक तुमच्या नजरेवर उभं आहे. भिंतीतून चित्र हुडकणारा माणूस, आणि त्याला पोटच्या पोरीचा हात ओळखू आला नाही? शाळेशाळेतली मुलं तुम्हाला हसतील. मी चार दिवस घरात नुसती फिरत होते. पाचव्या दिवशी कच्ची पानं पिशवीत घातली आणि त्या ‘बैलंवाली’कडं गेले.

वाडीच्या अर्ध्या वाटेपर्यंत आता डांबरी रस्ता आहे. दोन्हीकडं बंगल्यांची कुंपणं, त्यापुढं तीच जुनी चढण. ती ओट्यावर बसून वाल सोलत होती. केस पांढरे झालेत, पाठ ताठ आहे. सून खालच्या एका रिसॉर्टात कामाला जाते. तिनं मला ओळखलं, हातानंच बसायला सांगितलं, आणि आधी तुमच्या भिंतींची चौकशी केली. मी पानं तिच्या मांडीवर ठेवली. ती एकेक पान बघत गेली, तुम्ही शेण कालवताय त्या पानावर मनापासून हसली, आणि शेवटच्या पानावर रंगपेटी घेऊन उभी असलेली मुलगी बघून थांबली.

“ही मी?”

“व्हय. तुजं नाव टाकायचं म्हंत्यात. ईचारायला आले.”

तिनं पान खाली ठेवलं. वालाच्या शेंगा बाजूला सारल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “ती बैलं माजी न्हाईत, बाय.”

“मला ठावं हाय.”

“तुला कसं ठावं?”

“माजी हायती.”

ती जी हसायला लागली ती थांबेचना. हसता हसता ठसका लागला, मी आत जाऊन पाणी आणलं, पाणी पिऊन पुन्हा हसली. “मंग येवडी वर्सं गप का बसलीस गं?”

“तू का बसलीस?”

“मला पेटी पायजे व्हती,” ती म्हणाली. “बैलं ज्या पोराची त्याला रंगपेटी देनार, आसं आबा वाडीभर सांगत व्हते.” मग म्हणाली, “आन् म्या गप न्हाई बसले. तिसऱ्या वर्साला सांगितलं त्यास्नी. म्हनले, आबा, ती म्या न्हाई काडली. तर हसले. म्हनले, लाजतीयास व्हय? आन् दुप्पट कागद दिले. आता सांग, अशा मानसाला काय सांगावं?”

आबा, हे ऐकून मी पण हसले, आणि हसताना रडूही आलं. तुमची ही बाजू मला चांगली ठाऊक होती. तुम्ही एकदा ठरवलंत की खुद्द चोर येऊन कबूल झाला तरी तुम्ही त्याला साव ठरवणार. तिनं मला आत नेऊन भिंत दाखवली. आता विटांची आहे, गिलाव्याची. जुन्या कुडावर तिनं काय केलं होतं तेही सांगितलं. पेटीतला पांढरा खडू पांढऱ्या कागदावर दिसेना, म्हणून तिनं तो मातीच्या भिंतीवर चालवला आणि चांदण्यांनी अख्खी भिंत भरून काढली. तुम्ही ती चांदणी-भिंत बघितलीत आणि म्हणालात, खडूचं काम, बाजारचं. घेतली नाहीत. “मला लय वाईट वाटलं व्हतं,” ती म्हणाली. “चांगली व्हती.” तुमच्या नजरेवर आम्ही दोघी मग थोडं बोललो, ते तुम्ही ऐकायला नव्हतात तेच बरं. नावाचं विचारलं तर म्हणाली, “खरं हाय ते छापा. मला काय करायचंय बैलांचं? पर पेटी माजीच हां. ती काडू नगंस.”

घरी येऊन मी संपादक मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “पण मॅडम, मग आबा फसले असं दिसेल.” मी म्हणाले, “फसलेच होते.” “मुलं हसतील त्यांना.” “हसू देत की. आम्ही दोघी आज पोट धरून हसलो.” शेवटची सहा पानं मी नव्यानं केली. एकात एक मुलगी रिकाम्या घरात कोळसा घेऊन उभी आहे, एकात दुसरी मुलगी पेटी घेऊन. एकात मातीची भिंत आहे, पांढऱ्या चांदण्यांनी भरलेली, आणि तुम्ही तिच्याकडं पाठ करून निघालेले आहात. तेवढं मी तुम्हाला चिमटा काढायला घातलंय. शेवटच्या पानावर दोन म्हाताऱ्या ओट्यावर हसताहेत. खाली लिहिलंय, ‘आबांना आम्ही दोघींनी फसवलं. आम्ही कितीही सांगितलं असतं तरी आबांना ते पटलं नसतं.’ मागच्या पानावर आम्हा दोघींची नावं आहेत, बैल एकीचे, चांदण्या दुसरीच्या.

एक पान मात्र मला जमलं नाही. मुलीच्या हातातून बैल उमटताना दाखवायचे होते, म्हणून त्यांची पाठ मी पुन्हा काढायला बसले. अकरा वेळा काढली. पाय आता मला झोपेतही काढता येतात, पण ती पाठ काही येईना. प्रत्येक रेघ बरोबर होती आणि एकही ती नव्हती. शेवटी मूळ तुकड्याचा फोटोच तिथं लावला. लावताना त्याच्याकडं बराच वेळ बघितलं, बहुधा पहिल्यांदाच नीट, माझं म्हणून न बघता. चिखलाचं तुमचं सगळं चुकलं होतं. रेघेचं चुकलं नव्हतं. ती खरोखर फार सुंदर आहे. तुम्ही ती कुणाची हे ठाऊक नसताना, नुसत्या डोळ्यांनी बघून, चुलीपुढं खाली बसला होतात. असं कौतुक किती जणांच्या वाट्याला येतं? माझ्या वाट्याला ते नवव्या वर्षी आलं, आणि मी जन्मभर धरून बसले की ते दुसरीलाच मिळालं.

पानं काल छपाईला गेली. हे पत्र कुठं जायचं नाही. हे मी फाडणार की ठेवणार तेही अजून ठरलेलं नाही. पण एक सांगायचं राहिलं. तुमच्या रागाला भिऊन मी गप्प राहिले, असं मी संपादक मुलीला सांगितलं आणि ठाकरवाडीतल्या ओट्यावरही, तिनं पुन्हा विचारल्यावर, तेच सांगितलं. ते खरं नाही. तुम्ही पाव्हण्यांना ज्या आवाजात त्या बैलांबद्दल सांगायचात, तो आवाज माझ्याशी बोलताना कधी नसायचा. मी दाराआड उभी राहून ऐकत होते, आणि मला ते ऐकत राहायचं होतं.